वाद जिंकल्यानंतर : सॅली रूनीच्या चार कादंबऱ्या

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना एका आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेत मी शेतकरी कर्जमाफीच्या विरोधात बोललो आणि पहिला आलो. दोघांची टीम, एकाने अनुकूल बोलायचं आणि दुसऱ्याने प्रतिकूल, हा नेहमीचा नियम. प्रतिकूल बाजू माझ्याकडे आली, कारण समोरच्याचं खोडून काढण्यात मी बरा होतो. चार मुद्दे काढले, दोन आकडे पाठ केले, शेवटाला एक शेर ठेवला आणि दुसरी घंटा वाजायच्या आत संपवलं. निकाल सांगताना परीक्षकांनी माझ्या 'तर्कशुद्ध मांडणी'चं वेगळं कौतुक केलं. त्या वर्षी माझ्या मामाचं पीककर्ज थकलं होतं. घरी फोन केला की दर वेळी त्याचाच विषय निघायचा. रात्री आईने विचारलं, "कशावर बोललास?" मी म्हणालो, "शेतीवर."

मी खोटं बोललो नव्हतो. पण हॉलमध्ये दोनशे लोकांसमोर जे खणखणीत बोललो, ते आईसमोर का बोलता आलं नाही, हा प्रश्न बरीच वर्षं माझ्या डोक्यात राहिला. पुढे नोकरी लागली, स्पर्धा सुटल्या, करंडक घरी शोकेसमध्ये गेला. मग एकदा सॅली रूनीचा वादविवादावरचा निबंध वाचनात आला आणि तोच प्रश्न कुणीतरी माझ्याआधी आणि माझ्यापेक्षा नीट विचारलेला दिसला. मग तिच्या कादंबऱ्या वाचल्या. काही दोनदा वाचल्या. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

रूनीचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये 'नॉर्मल पीपल' ही मालिका आली तेव्हा कॉनेलच्या गळ्यातली चेन जगभर व्हायरल झाली होती. इन्स्टाग्रामवर कॉफीच्या मगाशेजारी जी पुस्तकं ठेवलेली दिसतात, त्यांत तिची पुस्तकं हमखास असतात. त्यामुळे 'प्रेमात पडलेल्या, उदास, हुशार मुलामुलींच्या गोष्टी लिहिणारी बाई' अशी तिची एक सोपी ओळख तयार झाली आहे. ती ओळख अगदीच चुकीची नाही. पण लेखिका होण्याआधी ती युरोपातल्या विद्यापीठीय वादविवादात पहिल्या क्रमांकाची वक्ता होती. माझ्या मते तिच्या चारही कादंबऱ्यांची किल्ली तिथे आहे.

रूनीचा जन्म १९९१ चा, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या मेयो परगण्यातल्या कॅसलबार या गावातला. वडील टेलिफोन कंपनीत कामाला, आई गावातलं कलाकेंद्र चालवायची. घर पुस्तकांचं आणि डाव्या विचारांचं. पुढे ती डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात इंग्रजी साहित्य शिकायला गेली. ट्रिनिटीत वादविवादाची परंपरा जुनी आहे. तिथली एक विद्यार्थी वादसभा १७७० पासून चालू आहे. 'ड्रॅक्युला' लिहिणारा ब्रॅम स्टोकर त्याच्या काळात तिथल्या दोन्ही मोठ्या सभांचा पदाधिकारी होता. गावाकडून आलेल्या मुलीने अशा ठिकाणी उभं राहून बोलायचं, म्हणजे आपल्याकडे तालुक्याच्या कॉलेजातून येऊन पुण्या-मुंबईच्या करंडकात उतरण्यासारखं. सुरुवातीला ती हरत होती, हेही तिने लिहिलं आहे. मग जमायला लागलं. २०१३ साली, बावीस वर्षांची असताना, मँचेस्टरला झालेल्या युरोपियन विद्यापीठ वादविवाद स्पर्धेत ती सर्वोत्कृष्ट वक्ता ठरली. आणि त्यानंतर तिने हा खेळ सोडून दिला.

त्या खेळाचे नियम इथे सांगायला हवेत, कारण मुद्दा नियमांतच दडलेला आहे. या पद्धतीला ब्रिटिश पार्लमेंटरी म्हणतात. एका फेरीत चार टीम असतात, प्रत्येकीत दोन जण. दोन टीम विषयाच्या बाजूने, दोन विरोधात. विषय, म्हणजे 'मोशन', ऐनवेळी जाहीर होतो आणि तयारीला फक्त पंधरा मिनिटं मिळतात. कोणती बाजू मिळणार हे तुमच्या हातात नसतं. मग प्रत्येकी सात मिनिटांचं भाषण. पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडून मधल्या काळात विरोधक उभं राहून मध्येच मुद्दा टाकू शकतात. शेवटी चारही टीमना पहिला ते चौथा क्रमांक मिळतो आणि प्रत्येक वक्त्याला वेगळे गुण मिळतात. सर्वोत्कृष्ट वक्ता या वेगळ्या गुणांच्या बेरजेवरून ठरतो. सकाळी एका बाजूने बोललेला माणूस दुपारी तशाच विषयावर उलट बाजूने बोलतो आणि त्यात कुणालाही काही खटकत नाही. खटकायला लागलं तर तुम्ही चांगले खेळाडू नाही.

आपल्याकडच्या स्पर्धांमध्ये निदान विषय आधी कळतो आणि 'सन्माननीय परीक्षक' म्हणेपर्यंत श्वास घ्यायला वेळ मिळतो. इथे तेवढीही सवड नाही. त्यामुळे डोक्यात एक यंत्र तयार होतं. कुठलाही विषय आत टाका, पलीकडून तीन मुद्दे, दोन उदाहरणं आणि संभाव्य आक्षेपांची उत्तरं बाहेर येतात. मी कोड लिहितो, म्हणून मला हे पटकन समजतं. आत काय येतंय याच्याशी फंक्शनला देणंघेणं नसतं. इनपुट योग्य प्रकारचं असलं की झालं.

'इव्हन इफ यू बीट मी' हा तिचा निबंध २०१५ मध्ये 'द डब्लिन रिव्ह्यू' या नियतकालिकात आला. त्यात ती या यंत्राची नशा आधी प्रामाणिकपणे सांगते. बोलता बोलता एक क्षण येतो, जेव्हा शब्द आपोआप सापडायला लागतात आणि आपण स्वतःला विसरतो. तो अनुभव तिला खरोखर आवडत होता. मग हळूहळू काहीतरी बिनसतं. भांडवलशाही गरिबांच्या भल्याचीच आहे, किंवा अत्याचार सोसणाऱ्यांनी त्या अत्याचाराचं काय करावं, अशा विषयांवर गरम खोलीत बसून पंधरा मिनिटांत मुद्दे काढायचे आणि त्याला गुण मिळवायचे, हे तिला नकोसं होऊ लागतं. ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय ते त्या खोलीत नसतात. आणि बोलणाऱ्याचं, काहीही बोललं तरी, काहीच जात नाही.

हा निबंध वाचून एका साहित्यिक एजंटने तिला विचारलं, आणखी काही लिहिलंय का? तिच्याकडे कादंबरीचा खर्डा होता. त्या हस्तलिखितासाठी सात प्रकाशकांमध्ये चढाओढ झाली आणि २०१७ मध्ये 'कॉन्व्हर्सेशन्स विथ फ्रेंड्स' आलं. म्हणजे वादविवाद सोडल्याच्या निबंधानेच तिला कादंबरीकडे जायचा रस्ता उघडून दिला. चरित्र म्हणून ही गोष्ट इथे छान संपते. पण खरा प्रश्न पुढे आहे. बोलण्याचं ते यंत्र डोक्यात बसवलेला माणूस जेव्हा कादंबरी लिहायला बसतो, तेव्हा त्या यंत्राचं काय करतो?

माझं उत्तर असं आहे. वादविवादात बोलणाऱ्याला वाक्याची किंमत मोजावी लागत नाही. रूनीच्या कादंबऱ्यांत मोजावी लागते. तिच्या जवळपास प्रत्येक मोठ्या प्रसंगाच्या मुळाशी बोललेल्या किंवा न बोललेल्या एका वाक्याची किंमत असते. जिथे ती किंमत जाणवते तिथे तिचं लेखन उत्तम होतं, आणि जिथे जाणवत नाही तिथे ते ढिलं पडतं. या एका मापाने चारही पुस्तकं बघू.

'कॉन्व्हर्सेशन्स विथ फ्रेंड्स'ची निवेदक फ्रान्सिस एकवीस वर्षांची आहे. शाळेत असताना जिच्याशी तिचं प्रेमप्रकरण होतं त्या बॉबीबरोबर ती मंचावर कविता सादर करते. लिहिते फ्रान्सिस, सादर दोघी करतात. मेलिसा नावाच्या मोठ्या लेखिकेशी ओळख होते आणि मेलिसाचा नवरा निक, जो नट आहे, त्याच्याशी फ्रान्सिसचे संबंध सुरू होतात. फ्रान्सिसकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं. निकने काही हळवं बोललं की ती त्यावर एखादी कोरडी कोटी करते. वाचताना आपण हसतो, आणि पुढच्या पानावर लक्षात येतं की तिने आत्ता एक दार लावून घेतलं. तिला पोटात असह्य वेदना होतात, पुढे एंडोमेट्रिऑसिसचं निदान होतं, पण निकला ती हे कितीतरी काळ सांगत नाही. भांडवलशाहीवर, लग्नसंस्थेवर तासभर बोलू शकणाऱ्या मुलीला 'मला दुखतंय' म्हणता येत नाही.

याच कादंबरीत ती बॉबीला न सांगता तिच्यावर एक कथा लिहिते आणि ती छापायला देते. कथा बॉबीपर्यंत पोचते, पण दुसऱ्याच कुणाकडून. बॉबी निघून जाते. फ्रान्सिसने लिहिलेलं वाक्य इथे पहिल्यांदा खऱ्या माणसावर जाऊन आदळतं. स्पर्धेच्या खोलीत जी माणसं कधी नसतात, त्यांच्यातलं एक माणूस अचानक खोलीत येऊन उभं राहावं, तसा हा प्रसंग आहे. मला हे पुस्तक थोडं आखडतं वाटतं, त्यातला चतुरपणा कधी कधी दमवतो. पण हा प्रसंग वाचल्यावर कळतं की चतुरपणाच पुस्तकाचा विषय आहे.

२०१८ ची 'नॉर्मल पीपल' याच्या पुढे जाते. स्लायगो परगण्यातल्या एका काल्पनिक गावात कॉनेल आणि मॅरिअन शाळेत आहेत. कॉनेलची आई लोरेन मॅरिअनच्या बंगल्यात साफसफाईचं काम करते. कॉनेल शाळेत सगळ्यांचा लाडका, मॅरिअनशी कुणी बोलत नाही. दोघांचं प्रेम जमतं, पण कॉनेल ते लपवून ठेवतो आणि शाळेच्या निरोपाच्या नाचाला दुसऱ्याच मुलीला घेऊन जायचं ठरवतो. आईला गाडीत हे कळतं तेव्हा ती त्याला गाडी थांबवायला सांगते, उतरते आणि बसने घरी जायचं ठरवते. ज्या घरात ती लादी पुसते त्या घरच्या मुलीला आपला मुलगा असं वागवतोय, याचा तिला संताप आलाय. लोरेन भाषण देत नाही, गाडीतून उतरते. सगळ्या पुस्तकात याहून चोख युक्तिवाद मला सापडला नाही.

पुढे दोघंही ट्रिनिटीत येतात आणि बाजू उलटतात. इथे मॅरिअनला सगळे ओळखतात आणि कॉनेल बुजलेला आहे. मग पुस्तकातला तो प्रसंग येतो, ज्यासाठी माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी रूनीला शिव्या घातल्यात. उन्हाळ्यात हॉटेलातलं काम कमी झाल्यामुळे कॉनेलला खोलीचं भाडं परवडत नाही. मॅरिअनकडे मोठा फ्लॅट आहे. 'तुझ्याकडे काही दिवस राहू का' एवढंच त्याला विचारायचं असतं. ते विचारता येत नाही. आपण गावी जातोय असं तो सांगतो, तू दुसऱ्या कुणाबरोबर असशीलच अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटतो, ती दुखावून हो म्हणते आणि दोघं तुटतात. 'एक मेसेज टाकला असता तर पुस्तक पन्नास पानांत संपलं असतं' अशी याची टिंगल होते.

मला ही टिंगल पटत नाही. ज्याची आई त्या मुलीच्या घरी कामाला होती, त्याने त्याच मुलीकडे राहायला जागा मागायची आहे. त्या वाक्यात आईचं काम आहे, मॅरिअनचा पैसा आहे, शाळेत तिला लपवल्याची शरम आहे. 'विचारायला काय जातंय' असं ज्याला वाटतं, त्याने बहुधा कधी कुणाकडे राहायला जागा मागितलेली नाही. वर्गभेदावर रूनीने निबंध लिहिला असता तर आपण माना डोलावल्या असत्या. इथे एका मुलाच्या घशात वाक्य अडकतं आणि वर्गभेद म्हणजे काय ते कळतं. पुढे दोघांनाही कॉलेजची मानाची शिष्यवृत्ती मिळते. मॅरिअनला त्यात मान दिसतो, कॉनेलला राहण्याजेवणाची सोय दिसते, आणि लेखिका यावर एक शब्दही जास्त बोलत नाही.

तिच्या शैलीबद्दल इथेच बोलायला हवं. रूनी संवादांना अवतरणचिन्हं लावत नाही. अनेकांना ही फॅशन वाटते. मला वाटतं, यामुळे बोलणं मंचावरून खाली येतं. अवतरणचिन्ह म्हणजे माइक. तो काढून घेतला की कोण काय म्हणालं, कोणाच्या मनात काय आलं आणि खिडकीबाहेर पाऊस पडत होता, हे सगळं एकाच पातळीवर येतं. हुशार वाक्यालाही पावसापेक्षा जास्त जागा मिळत नाही. टाळ्यांची सवय असलेल्या माणसाने स्वतःवर घालून घेतलेली ही चांगली बंधनं आहेत.

तिसऱ्या कादंबरीत मात्र माइक परत आला. २०२१ ची 'ब्यूटिफुल वर्ल्ड, व्हेअर आर यू' मला चौघींत सगळ्यात कमजोर वाटते. ॲलिस ही प्रचंड यशस्वी आणि त्या यशाने मोडून गेलेली कादंबरीकार समुद्राकाठच्या एका गावात येऊन राहते. तिची मैत्रीण आयलीन डब्लिनमध्ये एका साहित्यिक मासिकात तुटपुंज्या पगारावर काम करते. गोदामात काम करणारा फेलिक्स आणि राजकारणात सल्लागार असलेला धार्मिक वृत्तीचा सायमन, हे दोन पुरुष. दर एका प्रकरणानंतर ॲलिस आणि आयलीन यांची एकमेकींना लांबलचक इमेल. त्यांत कांस्ययुगाच्या शेवटी संस्कृती कशा कोसळल्या इथपासून प्लास्टिक, सौंदर्य, देव, आणि जग जळत असताना प्रेमाच्या कादंबऱ्या लिहिण्यात काय अर्थ इथपर्यंत सगळं येतं.

इमेल हुशार आहेत. मी काहींचे स्क्रीनशॉट काढून मित्रांना पाठवलेही. अडचण अशी की त्या इमेलींमुळे कुणाचंच काही जात नाही. एक मुद्दा मांडते, दुसरी तो थोडा पुढे नेते, सात मिनिटं होतात, घंटा वाजते. दोघी मूलतः एकाच बाजूच्या, म्हणून खोडून काढणंही नाही. विरोधी टीम न आलेली फेरी असावी तसं वाटतं. पुस्तकात जीव येतो तो फार उशिरा, दोघी एका घरात प्रत्यक्ष भेटतात तेव्हा. मग भांडण होतं, आणि ते कांस्ययुगावरून होत नाही. तुझ्यासाठी मी किती महत्त्वाची आहे, एवढ्यावरून होतं. मला वाटतं, रूनीलाही हे माहीत होतं. इमेलींचा पोकळपणा त्या भांडणाने उघडा पडावा, हीच योजना असेल. पण योजना बरोबर असली तरी इतकी पानं पोकळ वाटू देणं ही मोठी किंमत आहे आणि ती वाचकाला मोजावी लागते.

आणि मग २०२४ मध्ये आली 'इंटरमेझो'. वडील कॅन्सरने वारलेत. दोन भाऊ उरलेत, बत्तीस वर्षांचा पीटर आणि बावीस वर्षांचा आयव्हन. पीटर डब्लिनमध्ये वकील आहे, कॉलेजात असताना वादविवाद गाजवलेला. आयव्हन बुद्धिबळपटू आहे, लोकांशी बोलताना अवघडणारा, दातांना तारा लावलेला. आयव्हन एका छोट्या गावातल्या कलाकेंद्रात एकाच वेळी अनेकांशी बुद्धिबळ खेळायच्या कार्यक्रमाला जातो आणि तिथल्या व्यवस्थापक मार्गारेटच्या प्रेमात पडतो. ती छत्तीस वर्षांची आहे, नवऱ्यापासून वेगळी राहणारी. लेखिकेची आई गावातलं कलाकेंद्र चालवायची हे आठवलं की त्या प्रकरणातली माया कुठून आली ते कळतं.

मला 'इंटरमेझो' रूनीची सर्वात चांगली कादंबरी वाटते, कारण तिने इथे वादपटूला अखेर पात्र म्हणून समोर उभं केलं. पीटरची प्रकरणं तुटक वाक्यांत आहेत. कर्ता गळलेला, क्रियापद कधी आहे, कधी नाही. कोर्टात आणि मेजवानीत सलग, देखणं बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यात एकसुद्धा पूर्ण वाक्य नाही. आयव्हनचं उलट आहे. तोंडाने अडखळतो, पण त्याची प्रकरणं स्वच्छ, पूर्ण वाक्यांत चालतात. प्रत्येक गोष्ट तो शांतपणे, थोडी जास्तच, तपासत जातो.

दोघं भाऊ जेवायला भेटतात तो प्रसंग मी दोनदा थांबून वाचला. आयव्हन मोठ्या विश्वासाने भावाला मार्गारेटबद्दल सांगतो. पीटर काय बोलतो? तुझ्या वयाच्या मुलाबरोबर एखादी नॉर्मल बाई कशाला राहील, अशा अर्थाचं एक वाक्य. युक्तिवाद म्हणून चांगला टोला आहे, समोरचा एका वाक्यात गारद. आयव्हन उठून निघून जातो आणि पुढे कितीतरी पानं त्या एका वाक्याची वसुली चालते. पीटर स्वतः आपल्यापेक्षा कितीतरी लहान मुलीबरोबर आहे, म्हणजे युक्तिवाद त्याच्याच अंगावर येतो, हेही त्याला बोलून झाल्यावर कळतं. जिंकायची सवय इतकी अंगात मुरली आहे की समोर भाऊ बसलाय हे लक्षात यायच्या आत तोंड चाललं.

याच्या समोर बुद्धिबळ ठेवणं ही पुस्तकातली सुरेख गोष्ट आहे. बुद्धिबळात बोलायचं नसतं. आणि एक नियम असतो, ज्या मोहऱ्याला हात लावला तो खेळावाच लागतो. शब्द मागे घेता येतात, निदान तसं आपण धरून चालतो. चाल मागे घेता येत नाही. आयव्हन माणसांशीही तसाच वागतो, म्हणून इतका वेळ घेतो. पीटरला तीनशे पानांनंतर जे कळतं ते याला खेळानेच शिकवलं आहे.

रूनीवरचा एक नेहमीचा आक्षेप असा की तिची सगळी पात्रं कॉलेजात शिकलेली, पुस्तकं वाचणारी आणि स्वतःवर फार खूश, किंवा स्वतःवर फार नाराज अशी असतात. आक्षेपात तथ्य आहे. फेलिक्ससारखा गोदामातला कामगार येतो, पण त्याच्या डोक्यात ती आपल्याला नेत नाही. लोरेनचं एकही प्रकरण नाही. ज्या खोलीत 'ती' माणसं नसतात अशी तक्रार निबंधात होती, ती माणसं तिच्या कादंबऱ्यांतही बहुतेक वेळा दाराशीच उभी असतात. एवढंच म्हणता येईल की दार उघडं आहे आणि आतल्यांना ती दिसत राहतात.

पुस्तकांबाहेरची रूनी बघितली तरी हाच धागा दिसतो. २०२१ मध्ये तिने तिसऱ्या कादंबरीच्या हिब्रू अनुवादाचे हक्क आधीच्याच इस्रायली प्रकाशकाला द्यायला नकार दिला. विरोध हिब्रू भाषेला नाही, बहिष्काराच्या नियमांत बसणारा मार्ग निघाला तर अनुवाद व्हावाच, असं तिने तेव्हा स्पष्ट केलं होतं. 'पॅलेस्टाइन ॲक्शन' या संघटनेवर ब्रिटनने दहशतवादविरोधी कायद्याखाली बंदी घातल्यावर, ऑगस्ट २०२५ मध्ये, आपल्या लेखनाचे पैसे आपण त्या संघटनेला पाठिंबा द्यायला वापरू, असं तिने 'द आयरिश टाइम्स'मध्ये लिहिलं. पुढच्याच महिन्यात 'इंटरमेझो'ला लंडनमध्ये पुरस्कार मिळाला, तो घ्यायला ती गेली नाही, कारण अटकेची शक्यता होती. तिची भूमिका तुम्हाला पटो न पटो, त्यावर वेगळं बोलता येईल. माझा मुद्दा छोटा आहे. पंधरा मिनिटांत दोन्ही बाजू मांडू शकणारी बाई आता एकच बाजू मांडते आणि त्यासाठी काहीतरी गमावते.

हे लिहिताना वादविवाद स्पर्धा वाईट, असं मला म्हणायचं नाही. मी सभेत घाबरत नाही ते त्यांच्यामुळे. मीटिंगमध्ये कुणी चमकदार मूर्खपणा करत असेल तर मला लवकर कळतं, तेही त्यांच्यामुळे. समोरच्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडून बघणं हा फार चांगला व्यायाम आहे. रूनीच्या भांडणांत दोन्ही माणसं थोडी थोडी बरोबर असतात, ते याच व्यायामातून आलं असणार. पण व्यायामशाळेतून घरी यावं लागतं. तिला ते बावीसाव्या वर्षी कळलं.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर 'नॉर्मल पीपल'पासून करा आणि मग थेट 'इंटरमेझो' वाचा. उरलेली दोन नंतर वाचली तरी चालतील.

गेल्या दिवाळीत मी मामाला त्या स्पर्धेबद्दल सांगितलं. स्वयंपाकघरात बसलो होतो, मामी चकल्या तळत होती. तो आधी हसला. म्हणाला, "बक्षीस किती मिळालं?" मी म्हटलं, "दोन हजार." म्हणाला, "मग बरोबरच बोललास की." मग जरा वेळाने त्याने विचारलं, "पण मुद्दे काय मांडले होतेस, ते तर सांग." चार मुद्दे होते, मला अजून पाठ आहेत. त्याच्याकडे बघत मला दोनच सांगता आले. पहिल्यावर तो 'हं' म्हणाला. दुसऱ्यावर मात्र त्याच्याकडे बोलायला बरंच होतं, आणि चकल्या संपेपर्यंत तो बोलत राहिला.